न सांगितलेली शपथ

साहेब काटकोन बघायचा गुण्या लाकडाला लावायचे, जॉब दोन्ही हातांनी ट्यूबलाइटकडे उचलायचे, डावा डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "उजेड येतोय, मिस्त्री."

बस, एवढंच. ओरडणं नाही, शिवी नाही. गुण्या आणि लाकूड यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तिच्यातून उजेड दिसतो, आणि दिसला की ते काम परत माझ्या टेबलावर. एकदा एकच जॉब सात वेळा परत आला. सातव्या वेळेला मी म्हणालो, "साहेब, आता ह्यात उजेड नाही, माझ्या डोळ्यांपुढं अंधार आहे." ते हसले नाहीत. "मग उद्या कर," म्हणाले.

चिंचवडच्या एका कंपनीत ते पॅटर्न शॉपचे फोरमन होते आणि मी सुतार. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. आता ती कामं चाकणला गेली, तिथं मशीनच लाकूड कोरतं आणि माणूस बटण दाबून चहा प्यायला जातो. मी चौथी पास. जालन्याकडून आलो तेव्हा ड्रॉइंग म्हणजे मला निळ्या कागदावरच्या रेघोट्या. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत आपला डबा अर्धाच खाऊन मला ते आणि त्यावरचं इंग्रजी वाचायला शिकवलं. दोन वर्षं शिकवलं आणि कोणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला लाज वाटायची. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की म्हातारा उपकार विसरला. विसरलो नाही. पण उपकार उपकाराच्या जागी.

शॉपमध्ये ख्रिस्ती आम्ही दोघंच. बाकीचे चाळीस जण साताऱ्याचे, बीडचे, कोकणातले, काही बौद्ध, काही मराठे. डबा उघडायच्या आधी साहेब उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं प्रार्थना करायचे. शेवटी "येशूच्या नावानं मागतो, आमेन" म्हणाले की चाळीस माणसं बरोबरीनं "आमेन" म्हणायची आणि डब्यांची झाकणं वाजायची. एक सातारकर होता, तो म्हणायचा, "साहेब, आज अंडाकरी हाय, तेवढं थोडक्यात सांगा देवाला." साहेब त्या दिवशी थोडक्यात सांगायचे.

मला ते जमलं नाही. मी मनातल्या मनात करायचो. त्यांची ती छाती मला आवडायची.

रविवारी आमच्या मंडळीत ते पंच होते. चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो आणि त्यांच्यातल्या कारभारी माणसांना पंच. प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या दिवशी, छोट्या प्याल्यांचं तबक रांगेरांगेतून फिरवायचा मान पंचांचा. तुम्ही कोणत्याही चर्चमध्ये बघा, पंच तबक घेऊन घाईत असतो, जणू बस सुटते आहे. साहेब प्रत्येक हातापुढं थांबायचे. एका म्हातारीचे हात कापायचे, तिचा प्याला ते स्वतः धरायचे, आणि थेंब सांडला तर आपल्या रुमालानं तिची हनुवटी टिपायचे. मला वाटायचं, ह्या माणसाच्या हातून घेतलेला प्याला जास्त लागू पडत असणार.

आता पुढचं सांगतो.

आम्ही दोघं रिटायर झालो होतो. मी पिंपळे गुरवला, ते नदीकाठाला सांगवीत. मंडळीनं तेव्हा जुनी सागवानी बाकं काढून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. का, तर रचून ठेवता येतात. मोडकी दोन बाकं मी घरी नेली. त्यावर आमची म्हातारीकोतारी बसून रडली होती, गायली होती, ते लाकूड भट्टीत जाऊ द्यायचं नव्हतं.

साहेब एक दिवस घरी आले. "मिस्त्री, गुडघे टेकायचं एक बाकडं कर. बुटकं. सागवानी. खिळा नको."

"किती माणसांचं?"

"एकाचं."

मी काही विचारलं नाही. चर्चमध्ये वेदीपुढं लागत असेल, असं धरून चाललो. आपल्या माणसानं आपल्या माणसाला काय विचारायचं? त्या बाकांचंच लाकूड घेतलं. सगळे सांधे खाचेत बसवले, पंधरा दिवस घासलं. साहेबांनी सवयीनं गुण्या लावला, खिडकीकडे उचलून बघितलं आणि म्हणाले, "उजेड नाही." नोकरीत असताना कधी म्हणाले नव्हते. मी तेवढ्यानं फुगलो.

मग म्हणाले, "पुण्याला पोचवायचंय." आम्ही रिक्षात बाकडं मध्ये घेऊन बसलो आणि पुण्यातल्या एका जुन्या इमारतीपुढं उतरलो. साहेब ऑफिसात गेले. तिथल्या रखवालदारानं मला बाकडं आत ठेवायला नेलं.

मोठा हॉल. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी. भिंतींना लागून खुर्च्या. दोन खांब, पण वर काही नाही, कशालाच टेकू नाही. असला खांब मी जन्मात उभा केला नसता. मधल्या टेबलावर बायबल, त्याच्यावर गुण्या आणि कंपास, चकचकीत, कधी लाकूड न बघितलेले. शेजारी दुसऱ्या धर्मांचे दोन ग्रंथ.

रखवालदारानं माझ्या बाकड्यावरून हात फिरवला. "काका, झकास झालंय. नवीन मेंबर आला की त्याचे डोळे बांधतात, गळ्यात दोर घालतात, एका पायाची विजार गुडघ्याच्या वर. मग ह्याच्यावर टेकवतात आणि शपथ देतात. आतलं कोणाला सांगायचं न्हाई, अशी शपथ."

"तुला कसं कळलं?"

"दाराबाहेर उभा राहून तीस वर्षं झाली. पुढच्या पायरीला तर माणसाला मेल्यागत निजवतात आणि हात धरून उठवतात. मोठी मोठी माणसं असतात काका, डॉक्टर, वकील. सगळे एप्रन घालून. पांढरे, कातड्याचे."

एप्रन. मी छत्तीस वर्षं एप्रन घातला. त्यावर भुसा होता, सरस होता, एकदा माझ्या बोटाचं रक्त होतं. आणि ही माणसं रंधा न धरता एप्रन घालतात, मेल्याचं सोंग करतात, आणि मंडळीच्या बाकाच्या लाकडावर उघडा गुडघा टेकतात. माझ्या तोंडात कडू पाणी आलं. मी बाहेर जाऊन गटाराशी थुंकलो.

येताना औंधच्या पुलाजवळ रिक्षा अडकली. हिंजवडीच्या गाड्या सुटल्या होत्या, पुढं सरकायचं नाव नाही. मी विचारलं, "तुम्हीपण असेच टेकलात?"

"टेकलो. पंचवीस वर्षं झाली." लपवलं नाही त्यांनी.

"डोळे बांधून?"

"ती एक शिकवण असते, मिस्त्री. माणूस अंधारातून येतो, एवढंच."

"आपल्याला येशूनं आणलंय अंधारातून. परत आत जाऊन परत बाहेर यायचं काय कारण?"

"तिथं देवाच्या नावानंच सुरुवात होते. देव न मानणाऱ्याला घेतच नाहीत."

"कुठल्या देवाच्या?"

"विश्वाचा रचनाकार म्हणतात. ज्यानं त्यानं आपला समजायचा."

"आणि प्रार्थनेच्या शेवटी येशूचं नाव?"

"तिथं पारशी असतो, हिंदू असतो, मुसलमान असतो. कोणाला टोचू नये म्हणून नाही घेत."

"चाळीस माणसांपुढं डब्यावर घेत होता. तेव्हा कोणाला टोचलं?"

साहेबांनी तोंड बाहेर वळवलं. ह्याचं उत्तर त्यांनी मला मरेपर्यंत दिलं नाही. मला आजही वाटतं, उत्तर नव्हतंच. जो माणूस कंपनीत येशूचं नाव घ्यायला भ्याला नाही, तो त्या हॉलात ते नाव चपलेसारखं बाहेर काढून ठेवत होता. फ्रीमेसन, म्हणजे त्या हॉलातल्या गुप्त संघटनेचा मेंबर, आणि ख्रिस्ती एकाच माणसाला होता येतं का, ह्यावर शिकलेले लोक पुस्तकं लिहीत असतील. मला त्या डब्यानं सांगितलं.

पण रिक्षा हलल्यावर ते एक वाक्य बोलले, ते लिहिलं पाहिजे. "मिस्त्री, त्या हॉलात मला कोणी जात विचारली नाही. आपल्या मंडळीत माझ्या लग्नाच्या वेळी विचारली होती." 

मी पाळकसाहेबांकडे, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे गेलो. म्हणालो, प्याला देणारा माणूस बाहेर बंद दारामागं शपथ घेऊन बसलाय, आणि शपथ वाहू नये असं शास्त्र साफ सांगतं. पाळकसाहेब म्हणाले, "मिस्त्री, प्रार्थनेत ठेवू या." प्रार्थनेत ठेवणं म्हणजे आमच्याकडे माळ्यावर टाकणं. मग मी मंडळीच्या सभेत उभा राहिलो. सगळ्यांना आधीपासून थोडं थोडं माहीत होतं, हे मला त्यांच्या तोंडांवरून कळलं. माहीत असून गप्प. त्याचीही मला किळस आली.

साहेबांना विचारलं, शपथ घेतली का? म्हणाले, घेतली. काय घेतली? म्हणाले, सांगता येत नाही.

त्यांचं पंचपद गेलं आणि प्यालाही बंद झाला. असं झालेल्या माणसानं आमच्याकडे मागच्या रांगेत बसायचं असतं, प्रभुभोजन घ्यायचं नसतं. परत यायला दोन अटी ठरल्या. एक, लॉज, म्हणजे ती फ्रीमेसनांची संस्था, सोडायचं. दोन, तिथं काय शपथ घेतली ते मंडळीपुढं बोलून दाखवायचं. दोन्ही अटी माझ्या. लिहायला मंडळीचा सेक्रेटरी होता, हिंजवडीच्या कंपनीतला, पण शब्द माझे होते.

मला वाटलं, साहेब दुसऱ्या चर्चला जातील. पिंपरी-चिंचवडात चर्चना तोटा नाही. ते गेले नाहीत. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर. तबक आलं की हात मांडीवर ठेवायचे. ते तबक आता माझ्या हातात असायचं. त्यांची जागा मला दिली होती मंडळीनं.

तीन वर्षांनी ते एक कागद घेऊन माझ्या घरी आले. लॉजला दिलेल्या राजीनाम्याची नक्कल होती. "सोडलं," म्हणाले. "प्याल्याशिवाय राहवत नाही, मिस्त्री."

मी कागद वाचला. इंग्रजी वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणालो, "चांगलं केलंत. आता रविवारी शपथ सांगून टाका."

"ते नाही."

"ज्याचा त्याग केला ते झाकता कशाला?"

"लॉज सोडलं. दिलेला शब्द कसा सोडू? शब्द मोडायला तू मला शिकवतोस?"

"चुकीच्या जागी दिलेला शब्द."

"जागा चुकली असेल," ते म्हणाले. "देणारा मीच होतो ना?"

मी हटलो नाही. साहेबांच्या बायको त्यांच्याबरोबर दारापर्यंत आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही दोघं एकाच झाडाचं लाकूड. एकानं तरी वाकावं." मी म्हणालो, सागवान वाकत नाही बाई. तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आणखी चार वर्षं गेली. ह्या चार वर्षांत मंडळीतल्या लोकांना तोंड फुटलं. आधी जे गप्प होते त्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ यायला लागले. फ्रीमेसन कवटीतून रक्त पितात, सैतानाला पुजतात. सेक्रेटरी ते ग्रुपवर टाकायचा आणि खाली हात जोडायचा. मी त्याला चर्चच्या आवारात धरलं. "मी साहेबांना चुकले म्हटलं. सैतान कोणी म्हटलं?"

"काका, सुरुवात तुम्हीच केली ना," तो म्हणाला, आणि गाडीची काच वर केली.

मग साहेब आजारी पडले. पोटात गाठ निघाली, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी दोन रविवार तग धरला. तिसऱ्या रविवारी प्रभुभोजन झाल्यावर एका छोट्या बाटलीत द्राक्षरस घेतला, रुमालात भाकरीचा तुकडा घेतला आणि सरळ सांगवीला गेलो. पाळकसाहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी प्रार्थनेत ठेवलं असतं.

साहेब उशीला टेकून होते. निम्मे उरले होते. बाहेरच्या खोलीत मंडळीतल्या दोन बायका भेटायला आलेल्या होत्या. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. बाटली काढली. बाटली बघून त्यांचे डोळे भरले. हात पुढं आला, आणि अर्ध्यावर थांबला.

"मंडळीला माहीत आहे?"

"नाही."

"पाळकसाहेबांना?"

"नाही. तुम्ही घ्या."

"दार का लावलंस?"

बाहेर कपबशा वाजत होत्या.

साहेब हसले. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "मिस्त्री, दार लावून, कोणाला न सांगता. हे तर आमच्या तिथल्यासारखंच झालं."

"साहेब, आता थट्टा नको."

"थट्टा नाही." हात त्यांनी परत पांघरुणात घेतला. "चारचौघांत काढून घेतलंस. चारचौघांत दे."

"रविवारपर्यंत थांबाल?"

"थांबणं माझ्या हातात आहे का?" मग जरा वेळानं, "बघतो," म्हणाले.

ते थांबले. पुढच्या रविवारपर्यंत जिवंत होते, हे मला नीट लिहिलं पाहिजे. उपासना झाल्यावर मी उभा राहिलो. आयुष्यात मी कोणापुढं माघार घेतलेली नाही, त्यामुळं कशी घेतात ते माहीत नव्हतं. म्हणालो, "लॉज चूक आहे, हे माझं म्हणणं कायम आहे. पण साहेबांनी ते सोडलं. शपथ बोलून दाखवा ही अट माझी होती, ती मी मागं घेतो. माणूस शब्द पाळतो म्हणून त्याला आपण उपाशी ठेवलं. आज दुपारी सगळे मिळून सांगवीला चला."

सेक्रेटरी वही घेऊन उठला. त्यानं सात वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि वाचलं. ज्याचा त्याग केला ते झाकता कशाला, बंद दारामागचं उघड्यावर आणल्याशिवाय पश्चात्ताप खरा नव्हे. सगळे शब्द माझे. माझ्याच ठसक्यात वाचले त्यानं. "काका, नियम तुम्हीच केला," तो म्हणाला. "आता तुमचे साहेब आजारी पडले म्हणून तो बदलायचा?"

मागून एक जण म्हणाला, "त्यांनी शपथ सांगू दे की. दोन मिनिटांचं काम." दुसरा म्हणाला, "मेसनला प्याला दिला आणि मंडळीवर काही आलं तर?" पाळकसाहेबांनी मतासाठी हात वर करायला सांगितलं. माझा एक हात वर झाला. ज्या म्हातारीची हनुवटी साहेब रुमालानं टिपायचे, ती वारली होती. नाहीतर दोन झाले असते. विषय पुढच्या महिन्याच्या सभेवर ढकलला.

मी सांगवीला गेलो आणि साहेबांना सांगितलं. खोटं बोललो नाही. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. "माझंच वाचून दाखवलं त्यांनी," मी म्हणालो.

"पाठ चांगलं करून घेतलंस त्यांच्याकडून," साहेब म्हणाले. टोमणा होता, पण माझ्या मनगटावर हात ठेवून मारलेला. बुधवारी ते गेले.

दफनाला त्यांचे जुने लॉजवाले तिघं आले. एप्रन नव्हते, प्रत्येकाच्या हातात हिरवी डहाळी होती, ती त्यांची रीत. मी कबरस्तानच्या फाटकात आडवा झालो. म्हणालो, माणसं आत या, डहाळ्या बाहेर ठेवा. त्यांनी ठेवल्या. वाद घातला नाही, कबरीवर माती टाकली आणि गेले. आमच्या मंडळीची माणसं तोवर जेवण कुठं आहे ते विचारत होती.

महिन्यानं सभा भरली. सेक्रेटरीनं राहिलेला विषय वाचला, साहेबांचं नाव वाचलं आणि अडखळला. पाळकसाहेब म्हणाले, "हा विषय आता देवाच्या हाती."

"आपल्या हातात होता तेव्हा ढकलला," मी म्हणालो. "मत घ्या."

सगळे हात वर झाले. सेक्रेटरीचा पहिला. जिवंत असताना त्यांना घ्यायला तयार नसलेली माणसं, मेल्यावर हात वर करून माझ्याकडे बघत होती, खूष झालास ना म्हाताऱ्या, अशी. मला पुन्हा तसंच कडू पाणी आलं, त्या हॉलात आलं होतं तसं. फक्त ह्या वेळी थुंकायला मी बाहेर गेलो नाही, गिळलं. कारण ह्या हातांना मीच शिकवलं होतं.

प्रभुभोजन सुरू झालं. तबक माझ्या हातात आलं. मी ते शेजारच्या पंचाला दिलं, मागं गेलो आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो.

त्याला वर्ष होत आलं. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. "मिस्त्री, तुम्हाला कोणी मागं बसवलेलं नाही."

"माहीत आहे."

"मग किती दिवस?"

"साहेब सात वर्षं बसले. माझ्या वयाला तेवढी पुरी होणार नाहीत. होतील तेवढी बसतो."

लॉजबद्दल माझं मत तेच आहे, आणि कोणाला वाद घालायचा असेल तर घरी यावं. पण त्या खुर्चीवर बसल्याशिवाय मला एक गोष्ट कळली नव्हती. तिथून प्रभुभोजनाचं टेबल दिसतच नाही. मध्ये काळा मोठा स्पीकर येतो. पाळकसाहेब प्याला कधी उचलतात ते समजत नाही. पुढच्या माणसांच्या माना खाली गेल्या, की आपण समजायचं.